कुठपर्यंत आलास?

जूनअखेरीस बी.ए.च्या वर्गात मी नेमलेल्या पुस्तकाचं नाव फळ्यावर लिहिते आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात चौकशी सुरू होते, "ह्याच्या नोट्स आल्या का?" पुस्तक तेव्हा ग्रंथालयाच्या कपाटातून बाहेरसुद्धा निघालेलं नसतं.

सोलापुरात मी मराठी शिकवायला लागले तेव्हा आमची कॉलेजं कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेली होती. २००४ साली एका जिल्ह्यापुरतं सोलापूर विद्यापीठ झालं, पुढे त्याला पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकरांचं नाव मिळालं. वार्षिक परीक्षा जाऊन सत्रं आली, पेपरांचे नमुने बदलले, आता नवं शैक्षणिक धोरण आलंय. या सगळ्यात एक गोष्ट मात्र जागची हलली नाही. नेमलेलं पुस्तक पोरं वाचत नाहीत असं म्हणणार नाही मी. ती ते वाचायचं पुढं ढकलतात. आषाढी झाली की वाचतो. श्रावण संपू द्या. गणपती गेले की बसतोच. नवरात्र येतं आणि त्याच्या पाठोपाठ परीक्षेचं वेळापत्रक. दुसऱ्या सत्रात हेच संक्रांतीपासून, "गड्डा होऊ द्या की मॅडम." सिद्धेश्वरांच्या यात्रेत सोलापूरचं कुठलं पोर घरी बसून कादंबरी वाचेल? मीही ती अपेक्षा ठेवत नाही.

ही कारणं खोटी नसतात, हे आधी सांगितलं पाहिजे. स्टाफरूममध्ये "आजकालच्या पोरांना वाचायला नको" हे वाक्य चहाबरोबर रोज येतं, आणि ते मला दरवेळी टोचतं. माझ्या वर्गात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या यंत्रमागावर रात्रपाळी करणारी मुलं असतात. रात्रभर मागाच्या खडखडाटात उभं राहून सकाळी घरी जायचं, अंघोळ करायची, पहिल्या तासाला येऊन बसायचं. एक मुलगा मला म्हणाला होता, "मॅडम, पुस्तक उघडलं की कानात मागच चालतो." मोहोळ, मंद्रूप, वळसंगहून एस.टी.नं येणारे असतात. त्यांचा दिवस गाडीच्या वेळेला बांधलेला. घरात पाच-सहा दिवसांनी नळाला पाणी येणार असलं तर त्या दिवशी पहाटे उठून भरणारी माणसं हीच. आणि मोबाइल तर आहेच. पण मोबाइल नव्हता तेव्हाही पुस्तक पुढंच जात होतं, हे मी बघितलंय.

वाचन मागं पडतं यात आमच्या प्रश्नपत्रिकांचाही हात आहे. ‘अमुक आत्मकथनातील समाजचित्रण स्पष्ट करा’ हा प्रश्न पुस्तक न उघडता सोडवता येतो. समाज आला, दारिद्र्य आलं, शोषण आलं, भाषाशैली आली, झालं. झेरॉक्सच्या चार पानांत तो माल तयार मिळतो. ज्यानं पुस्तक वाचलं त्याला उलट त्रास होतो, कारण त्याच्या डोक्यात एखादा प्रसंग, एखादी बाई, एखादं घर घोळत असतं आणि प्रश्नात त्याला जागाच नसते. वाचणाऱ्याला जिथं काही जास्तीचं मिळत नाही, तिथं मुलगा आधी कामाला जाईल. मीही गेले असते.

"वाचलं का?" असं मी वर्गात विचारत नाही. त्यावर एकच उत्तर येतं, "वाचायलोय की मॅडम." सोलापुरी बोलीतलं हे ‘वाचायलोय’ फार मोकळंढाकळं आहे, त्यात पुस्तक उशाला घेऊन झोपलेलाही मावतो. मी विचारते, "कुठपर्यंत आलास?" मग खरं बाहेर पडतं. "वनभोजनापर्यंत." "आजी येते तिथपर्यंत." कुणी प्रामाणिकपणे सांगतो, "मलपृष्ठापर्यंत, मॅडम." मलपृष्ठही चालतं मला. निदान पुस्तक हातात आलंय.

वनभोजन म्हणजे ‘अक्करमाशी’मधलं. शरणकुमार लिंबाळे यांचं हे आत्मकथन १९८४ सालचं. लिंबाळे आमच्याच जिल्ह्यातले, अक्कलकोट तालुक्यातल्या हन्नूरचे, जन्म १९५६ चा. पुढे ‘सनातन’ कादंबरीसाठी त्यांना २०२० चा सरस्वती सन्मान मिळाला. पुस्तक हाताला पातळ लागतं, तरी ढकललं जातं. म्हणजे जाडीचा प्रश्न नाही. एका वर्षी ते आमच्या वर्गाला होतं, तेव्हा मी पहिले काही तास फक्त वाचायला ठेवले. टिपा नाहीत, ‘दलित आत्मकथनाची वैशिष्ट्ये’ नाहीत. मी पुस्तक उघडायचं आणि मोठ्यानं वाचायचं, मुलांनी ऐकायचं, मग त्यांच्यातल्या एकानं पुढं वाचायचं.

सुरुवातच शाळेच्या सहलीची आहे. रानात जेवायला बसलेली मुलं, एका बाजूला सवर्णांची पंगत, लांब महारवाड्यातली मुलं, आणि मग त्यांच्याकडे येणारं उरलंसुरलं अन्न. घरी आल्यावर आईचा प्रश्न, आपल्यासाठी त्यातलं काही का आणलं नाहीस. दुसऱ्या दिवशी गुरुजी सहलीवर निबंध लिहायला सांगतात. माझ्या वर्गात इथं हालचाल थांबते. ‘माझी सहल’ हा निबंध प्रत्येकानं लिहिलेला असतो. तो कुणाला लिहिता येत नसेल हे कुणाच्या मनात आलेलं नसतं. तास संपल्याची घंटा होते, आणि मी तिथंच पुस्तक मिटते. पुढचं सांगत नाही. त्या दिवशी ग्रंथालयात प्रती मागायला मुलं जातात. पाच-सहाच प्रती असतात, त्या संपतात. हे दर वर्षी घडतं असा दावा नाही. पण नोट्स वाटून असं कधीच घडलेलं नाही, हे मी ठामपणे सांगू शकते.

त्याच वर्गात कुंभारीच्या गोदूताई परुळेकर घरकुल वसाहतीत राहणारी एक मुलगी होती. २००६ साली विडी कामगार बायकांच्या ताब्यात आलेली ती दहा हजार घरांची वसाहत. घरात तेलुगू. मुलगी मराठी माध्यमात शिकलेली, तरी पुस्तकातली मराठी तिला सावकाश वाचावी लागे. तासाला उत्तर बरोबर द्यायची, पण पुस्तकाचा विषय काढला की खाली बघायची. तिला एकदा बाजूला घेऊन विचारलं, तेव्हा कळलं की संध्याकाळी घरी गेल्यावर अम्माजवळ बसून विडीची पानं कातरायची असतात. मापाची पत्री ठेवून पानं कापायची, अम्मा तंबाखू भरून वळणार, दोरा बांधणार. पैसे हजाराच्या हिशेबानं. मुलगी पुस्तक घेऊन बसली तर तेवढ्या विड्या कमी, हा रोखीतला हिशेब.

"मग तिथंच बसून मोठ्यानं वाच की. अम्मालाही ऐकू दे," मी म्हणाले.

तिला ते पटलेलं दिसलं नाही. पण काही दिवसांनी ती स्वतःहून सांगायला आली. अम्मा म्हणाली होती, तू वाच, तुझ्या वाटणीची पानं मी कातरते.

दिवाळीच्या सुट्टीआधी तिच्या घरी जाणं झालं. अम्माच्या मांडीवर सूप, सुपात ओलसर पानं आणि तंबाखू. बोटं चालू, नजर बरेचदा लेकीकडे. मुलगी मराठीत एक परिच्छेद वाचायची, अडला शब्द तेलुगूत सांगायची, कधी परिच्छेदाचा सगळा सारांशच तेलुगूत. अम्मा मध्ये मध्ये पुस्तकातल्या माणसांबद्दल विचारत होत्या. हा दादा मुसलमान, मग तो या घरात कसा? ती आजी त्याला जेवायला वाढते ना? आणि एक प्रश्न त्यांनी माझ्याकडे बघून मराठीत केला, "मॅडम, पोरगं शिकून मोठं झालं, मग त्या मसामाईला घर झालं का?" मसामाई म्हणजे लेखकाची आई. भाड्याच्या खोलीत आयुष्य काढून या घरकुलात आलेल्या बाईचा प्रश्न होता तो. आत्मकथनावर मी पुष्कळ समीक्षा वाचली आहे. हा प्रश्न कुठल्या समीक्षकानं विचारल्याचं मला आठवत नाही. मुलीनं परीक्षेत मसामाईवर उत्तर लिहिलं, त्यात अम्माचा हा प्रश्न होता. त्या उत्तराची भाषा मोडकीतोडकी होती आणि त्याला मी वर्गातले सर्वांत जास्त गुण दिले.

निघताना चप्पल घालताना मुलगी हळूच म्हणाली, "मॅडम, काही पानं मी मनातच वाचली. अम्माला नाही वाचून दाखवली." कुठली पानं ते मला विचारावं लागलं नाही. मोठ्यानं काय वाचायचं आणि मनात काय, हे तिचं तिनं ठरवलं होतं. वाचक झाल्याशिवाय हे ठरवता येत नाही.

पुढं मला कळलं की तंबाखूच्या कामाशी वाचनाचं नातं जुनं आहे. क्यूबात, हवानाच्या सिगार कारखान्यांत १८६५ पासून कामगारांना वाचून दाखवणारा माणूस असायचा. शेकडो कामगार पानं वळत बसलेले, आणि उंच जागेवर बसून तो वर्तमानपत्र वाचायचा, नंतर कादंबरी. त्याचा पगार कामगार आपल्या मजुरीतून द्यायचे आणि कुठलं पुस्तक वाचायचं हेही तेच ठरवायचे. सरकारनं ते बंद करायचा प्रयत्न केला, कारण ऐकणारी माणसं विचार करू लागली होती. ‘माँटेक्रिस्टो’ हा प्रसिद्ध सिगार ड्युमाच्या कादंबरीवरून नाव घेऊन आला, कारण ती कामगारांची लाडकी होती असं सांगतात. सोलापुरात हजारो बाया घरोघरी विड्या वळतात. त्यांच्या शेजारी पुस्तक वाचणारं कुणी बसत नाही, आणि त्यांचीच मुलं आमच्या वर्गात साहित्य शिकतात.

खरं तर मोठ्यानं वाचणं आपल्याकडे काही क्यूबाहून आणायला नको. आमच्या जिल्ह्यात सांगोला तालुक्यात नाझरे हे गाव आहे. श्रीधरस्वामी तिथले. ‘हरिविजय’, ‘रामविजय’, ‘पांडवप्रताप’ आणि १७१८ सालचं ‘शिवलीलामृत’ हे त्यांचे ग्रंथ तीनशे वर्षं खेडोपाडी वाचले जातायत. श्रावण आला की घरात पाट मांडला जातो, पोथी काढली जाते, आणि ज्याला अक्षर येतं त्याला वाचायला बसवतात. अक्षर येणारा बहुतेक वेळा घरातला शिकणारा पोरगा असतो. वर्गात नेमलेली कादंबरी हातात न धरणारा मुलगा सोमवारी आजीपुढं ‘शिवलीलामृता’चा अकरावा अध्याय न अडखळता वाचतो. मी विचारलंय मुलांना. हात वर करणारे थोडेथोडके नसतात.

म्हणजे वाचनाची बैठक आहे. तासभर एका जागी बसायची सवय आहे, अध्याय पुरा झाल्याशिवाय उठायचं नाही हा नेम आहे. जुनी अवघड मराठी ओठावर घोळते, तिची भीती वाटत नाही. मग आमच्याच पुस्तकानं काय घोडं मारलंय? मला वाटतं, पोथीला ऐकणारा असतो. तिला ठरलेली जागा आणि ठरलेली वेळ असते. तिच्या शेवटी कुणी प्रश्नपत्रिका देत नाही. आम्ही दिलेलं पुस्तक मात्र एकट्यानं, रात्री, सगळी कामं उरकल्यावर, दिव्याखाली, परीक्षेच्या धास्तीनं वाचायचं असतं. दिवसभर राबणाऱ्या घरात अशी एकट्याची शांत रात्र नसतेच. ज्या मुलाच्या घरी स्वतंत्र टेबल आहे, स्वतंत्र खोली आहे, त्याच्या सोयीनं आम्ही ‘घरी वाचून या’ असं सांगतो आणि बाकीच्यांना आळशी ठरवतो. हा अन्याय आहे.

‘कोसला’ लावली होती तेव्हाही हेच पाहिलं. १९६३ ची कादंबरी, भालचंद्र नेमाड्यांनी पंचविशीत लिहिलेली. पांडुरंग सांगवीकर गावाकडून पुण्याला शिकायला येतो, होस्टेल, मेस, परीक्षा, सगळं हळूहळू हातातून सुटत जातं. करमाळ्याहून, मंगळवेढ्याहून येऊन सोलापुरात खोली करून राहणाऱ्या मुलांचं हे आयुष्य. तरी महिनाभर कुणी उघडली नाही. वर्गात मी मेसची पानं वाचली तेव्हा हसण्याचा आवाज बाहेर व्हरांड्यात गेला. पांडुरंगच्या धाकट्या बहिणीच्या, मनीच्या मृत्यूची पानं वाचली त्या दिवशी हजेरी घ्यायची राहून गेली. एवढंच करावं लागतं. पुस्तकाच्या दारापर्यंत सोबत जायचं.

सगळेच मात्र वेळ नाही म्हणून ढकलत नाहीत. अक्कलकोट तालुक्यातला एक मुलगा होता, वर्गात सर्वांत नेमका. निबंध सगळ्यांच्या आधी, ग्रंथालयात नाव सगळ्यांच्या वर. ‘अक्करमाशी’च्या बाबतीत मात्र तो चुकवायला लागला. मोठ्यानं वाचायची पाळी आली की घसा बसलेला असायचा. "कुठपर्यंत आलास?" याला तो उत्तरच देईना. एक दिवस तास संपल्यावर थांबला.

"मॅडम, आमच्या भागात हे पुस्तक सगळ्यांना ठाऊक आहे. वाचलेलं कुणी नाही. घरी दिसलं तर विचारतील."

त्याचं घर त्या गोष्टीत कुठल्या बाजूला उभं होतं, हे मी विचारलं नाही. ज्या घरानं ते सोसलं त्या घरातला मुलगाही हे पुस्तक लपवू शकतो आणि ज्या घरानं ते केलं त्या घरातलाही. दोन्ही मुलं माझ्या वर्गात शेजारी बसतात. पुस्तकाच्या लेखकाचे वडील पाटील घराण्यातले आणि आई महारवाड्यातली. तेव्हा हे पुस्तक गावाच्या दोन्ही टोकांना झोंबणारच. मी त्याला म्हणाले, घरी नेऊ नकोस. त्यानं प्रतीला वर्तमानपत्राचं कव्हर घातलं आणि संध्याकाळच्या एस.टी.आधीचा वेळ हिराचंद नेमचंद वाचनालयात बसून ते वाचलं. ट्यूटोरियल बऱ्याच उशिरा दिलं. उशिराचा गुण मी कापला नाही. काही पुस्तकं हातात घ्यायला माणसाला वेळ लागतो. तो वेळ काढणं हाही वाचनाचाच भाग आहे, असं मी मानते. त्याला आळस म्हणायची माझी तयारी नाही.

ट्यूटोरियलमध्ये त्यानं पुस्तकाचं कौतुक केलं नव्हतं. काही ठिकाणी लेखकाशी भांडला होता. गावातली चांगली माणसं यात कुठं आहेत, असं विचारलं होतं, आणि दोन पानांनंतर स्वतःच लिहिलं होतं की चांगली माणसं होती, पण त्या पंगतीतून उठून पलीकडे जाऊन कुणी बसलं नाही. नोट्समधून हे वाक्य येत नाही.

माझ्यासारख्या मराठीच्या शिक्षकांना माझी विनंती आहे. अभ्यासक्रम पुरा होत नाही ही तक्रार मला ठाऊक आहे, तासिका किती मिळतात हेही. तरी पुढच्या जूनमध्ये पुस्तक नेमाल तेव्हा सुरुवातीचे चार तास फक्त वाचायला ठेवा. लेखकाचा परिचय, वाङ्मयप्रकाराची वैशिष्ट्यं, सगळं नंतर. स्वतः वाचा, मुलांना वाचायला लावा, उत्सुकता लागली की तिथंच थांबा. प्रश्नपत्रिका काढायची पाळी आली तर एक तरी प्रश्न असा घाला, जो पुस्तक वाचलेल्यालाच सुटेल. ग्रंथपालांनी नेमलेल्या पुस्तकाच्या जास्त प्रती घ्याव्यात आणि त्या आठवड्याच्या बोलीवर न देता सत्रभरासाठी द्याव्यात. रात्रपाळीच्या मुलाचं पुस्तक आठवड्यात होत नाही. आणि ज्यांच्या घरी मूल कॉलेजात मराठी घेऊन शिकतंय त्यांनी संध्याकाळी काम करता करता त्याला एवढंच म्हणावं, काय वाचतोस ते जरा मोठ्यानं वाच, आम्हालाही ऐकू दे.